चुंबकत्वाचा शालेय प्रयोगसंच : साहित्य भरवशाचे, मार्गदर्शिका मात्र घाईची

साधारण अकरा ते पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना चुंबक आणि चुंबकीय क्षेत्र शिकवता यावे म्हणून तयार केलेला एक प्रयोगसंच मी बराच काळ वर्गात वापरत आहे. असा संच घ्यावा की नाही, आणि घेतला तर त्यातले काय आधी बाहेर काढावे, असा प्रश्न ज्या विज्ञान शिक्षकांना पडतो त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. चुंबकत्व शिकवणे सोपे आहे असे अनेकांना वाटते, कारण चुंबक हाती दिला की मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही. ती आपली आपण रमतात. परंतु चुंबक खिळ्याला ओढतो हे पाहणे वेगळे, आणि चुंबकाभोवतीच्या रिकाम्या भासणाऱ्या जागेत प्रत्येक बिंदूपाशी ठरावीक दिशेचे व ठरावीक तीव्रतेचे काहीतरी आहे हे उमगणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत विद्यार्थ्याला नेण्यात हा संच किती उपयोगी पडतो, एवढ्याच कसोटीवर मी तो पारखला आहे.

पेटी मजबूत आहे आणि तिच्यात बरेच काही आहे. ॲल्निकोचे पट्टीचुंबक, एक नालाकृती चुंबक, फेराइटच्या चकत्या आणि कड्या, निओडिमियमचे दोन छोटे दंडगोल, पारदर्शक झाकणाची लहान होकायंत्रे, लोखंडाचा कीस, दाट तेलात कीस भरलेली एक बंद पारदर्शक पेटी, एनॅमल चढवलेली तांब्याची तार, मृदू लोखंडाची आणि पोलादाची अशा दोन कांड्या, अनेक वेढ्यांची तयार कुंडले, मध्यभागी शून्य असलेला गॅल्व्हनोमीटर (सूक्ष्म विद्युतधारा व तिची दिशा दाखवणारे उपकरण), जाड भिंतीची तांब्याची नळी आणि वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या, असे त्याचे मुख्य साहित्य आहे. चुंबकांवरील ध्रुवखुणा ठळक आहेत, पट्टीचुंबकांसोबत मृदू लोखंडाचे रक्षक तुकडे दिले आहेत आणि प्रत्येक वस्तूसाठी फोममध्ये वेगळा खाचा असल्यामुळे तास संपल्यावर काय परत आले नाही हे एका नजरेत कळते. शाळेत वापरायच्या साहित्यात ही शेवटची गोष्ट दिसते त्याहून महत्त्वाची असते.

माझ्या मते या संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ती लहान होकायंत्रे. मार्गदर्शिकेने त्यांना चौथ्या प्रकरणात ढकलले आहे. मी मात्र शिकवण्याची सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. मोठ्या कागदावर पट्टीचुंबक ठेवून त्याची कड पेन्सिलीने आखून घ्यायची, उत्तर ध्रुवाच्या कोपऱ्याशी होकायंत्र ठेवायचे, सूचीच्या दोन्ही टोकांपाशी एकेक ठिपका द्यायचा, मग होकायंत्र पुढे सरकवून सूचीची शेपटी आधीच्या पुढच्या ठिपक्यावर आणायची आणि पुन्हा ठिपका द्यायचा. असे करत गेले की ठिपक्यांची रांग वळण घेत दक्षिण ध्रुवाकडे येते, आणि ती जोडली की एक बलरेषा तयार होते. यातली मोठी गोष्ट अशी की ही रेषा विद्यार्थ्याने आयती पाहिलेली नसते. प्रत्येक ठिकाणी 'इथे सूची कुठे वळेल?' असे स्वतःला विचारत त्याने ती चालत पूर्ण केलेली असते. क्षेत्राला दिशा असते हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही, आणि दोन रेषांच्या मधल्या जागेत होकायंत्र ठेवले तरी सूची निमूटपणे एका दिशेला स्थिरावते हे तो आपण होऊन करून पाहतो.

कागद पुरेसा मोठा असेल तर याहून सुंदर गोष्ट हाती लागते. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ठेवून रेखाटन केले, तर चुंबकाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे पूर्वेला आणि पश्चिमेला, काही अंतरावर अशी एकेक जागा सापडते की तिथे सूचीला कुठलीच ठाम दिशा उरत नाही आणि बोटाने फिरवावी तिथे ती रेंगाळते. त्या बिंदूपाशी चुंबकाचे क्षेत्र आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकमेकांना नाहीसे करतात. चुंबक उलटा फिरवून त्याचा दक्षिण ध्रुव उत्तरेकडे केला की हे उदासीन बिंदू बाजू सोडून चुंबकाच्या अक्षावर, त्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे जातात. पृथ्वीचे क्षेत्र भूपृष्ठावर ठिकाणानुसार सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतके असते, हा आकडा फळ्यावर लिहून जेवढा समजत नाही तेवढा तो या एका प्रयोगात समजतो, कारण टेबलावरचा छोटासा चुंबक कुठवर पृथ्वीला पुरून उरतो आणि कुठे तिच्यापुढे नमतो हे कागदावर उमटलेले असते. मार्गदर्शिकेत उदासीन बिंदूंचा उल्लेखही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच होकायंत्रांबाबत एक गंभीर तक्रारही नोंदवायला हवी. पेटीत निओडिमियमचे दंडगोल आणि होकायंत्रे शेजारशेजारच्या खाचांत ठेवली आहेत, आणि त्यांच्यामध्ये फोमचा पातळ थर सोडला तर काही नाही. परिणामी आमच्याकडे संच आला तेव्हाच काही होकायंत्रांच्या सूचींचे ध्रुव उलटलेले होते. रंगीत टोक दक्षिण दाखवत होते. पहिल्यांदा चुंबकत्व शिकणाऱ्या मुलाच्या हाती असे होकायंत्र गेले तर त्याचा विषयावरचाच विश्वास उडतो. म्हणून तास सुरू होण्याआधी सर्व होकायंत्रे चुंबकांपासून दूर, एकमेकांपासूनही थोड्या अंतरावर मांडून त्यांचे एकमत होते का ते पाहावे. उलटलेली सूची दुरुस्त करता येते: तीव्र चुंबकाचा दक्षिण ध्रुव होकायंत्राच्या झाकणावर मध्याशी टेकवून रंगीत टोकाच्या दिशेने झटकन बाहेर ओढावा. सूची फिरून निसटते, त्यामुळे कधीकधी ही क्रिया पुन्हा करावी लागते. मोठ्या विद्यार्थ्यांना मी ही दुरुस्ती मुद्दाम करायला देतो, कारण कायम चुंबकाचे चुंबकत्वही बाहेरच्या क्षेत्राने बदलता येते हे त्यातून दिसते. तरीही दुरुस्त करण्याजोगे साहित्य पुरवणे ही काही उत्पादकाची चांगली बाजू नव्हे; निओडिमियम चुंबक वेगळ्या डबीत देणे मुळीच अवघड नव्हते.

आता लोखंडाच्या किसाबद्दल. मार्गदर्शिका पहिल्याच पानावर किसापासून सुरुवात करते: चुंबकावर कागद ठेवा, कीस भुरभुरा, कागदाला हलकी टिचकी मारा आणि 'चुंबकीय बलरेषा पाहा'. आकृती सुरेख उमटते यात शंका नाही, पण हा क्रम मला चुकीचा वाटतो. किसाचा प्रत्येक कण क्षेत्रात आल्यावर स्वतःच छोटा चुंबक बनतो, शेजारच्या कणाला टोकाशी टोक लावून चिकटतो आणि अशा साखळ्या तयार होतात. समांतर साखळ्या एकमेकींना दूर सारतात म्हणून मध्ये रिकाम्या फटी राहतात. मुले त्या फटी पाहून असे धरून चालतात की क्षेत्र फक्त रेषांवर असते आणि रेषांच्या मध्ये काहीच नसते. किसात दिशा दिसत नाही, कारण कणाचे कोणते टोक उत्तर हे डोळ्यांना कळत नाही. चित्र कागदाच्या प्रतलापुरते सपाट असते, त्यामुळे क्षेत्रही सपाट असल्याचा समज होतो. आणि कीस चुंबकाबाहेरच असल्यामुळे रेषा उत्तर ध्रुवावर सुरू होऊन दक्षिण ध्रुवावर संपतात असे वाटते, जरी प्रत्यक्षात त्या चुंबकाच्या आतून परत जाऊन बंद वळसे पूर्ण करतात. होकायंत्राने आधी चार-पाच रेषा काढलेल्या विद्यार्थ्याला नंतर कीस दाखवला तर हे सगळे गैरसमज टळतात. तो त्या चित्रात आपल्या रेषा ओळखतो आणि जे किसात दिसत नाही त्याची कमतरता स्वतः बोलून दाखवतो. मायकेल फॅरडेने बलरेषांची कल्पना मांडली ती सबंध अवकाशाबद्दल विचार करण्याचे साधन म्हणून, आणि तिचे ते सामर्थ्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायचे असेल तर क्रमाकडे असे दुर्लक्ष करून चालत नाही.

तेलाची बंद पेटी मात्र उत्कृष्ट आहे. तिच्या मधल्या पोकळीत दंडगोल चुंबक सरकवला की कीस चारी बाजूंनी उभा राहतो आणि ध्रुवांपाशी फुलून येतो, त्यामुळे क्षेत्राला लांबी, रुंदी आणि खोली आहे हे वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत दिसते. कीस सांडत नाही, चुंबकाला चिकटत नाही आणि मुलांच्या डोळ्यांत जाण्याचा धोका राहत नाही. सुट्या किसाची डबी मी कपाटातच ठेवली आहे. संचात एक हिरवट चित्रपटलही आहे, ज्यात निकेलच्या सूक्ष्म चकत्या तेलात तरंगतात. क्षेत्र पटलाला समांतर असेल तिथे ते उजळ दिसते आणि लंब असेल तिथे काळसर. फेराइटच्या चकतीवर ते ठेवले की ध्रुवांच्या सीमा स्पष्ट उमटतात. लवचिक चुंबकपट्टीवर ठेवले तर एकाआड एक ध्रुवांचे पट्टे दिसतात आणि ध्रुव म्हणजे चुंबकाची दोन टोके ही समजूत तिथेच संपते.

पृथ्वीच्या चुंबकत्वासाठी आत चुंबक बसवलेला एक चेंडू आणि उभ्या प्रतलात फिरणारी एक छोटी सूची दिली आहे. विल्यम गिल्बर्टने १६०० साली नैसर्गिक चुंबकाच्या गोळ्यावर सूची फिरवून पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक असल्याचे प्रतिपादन केले, त्याच विचाराची ही शालेय आवृत्ती आहे. सूची चेंडूच्या मध्यावर पृष्ठभागाला समांतर राहते, ध्रुवाकडे नेऊ तशी अधिकाधिक झुकते आणि ध्रुवावर सरळ उभी होते. मुले हे पुन्हा पुन्हा करून पाहतात. मार्गदर्शिका मात्र इथे 'पृथ्वीच्या उत्तरेस चुंबकीय दक्षिण ध्रुव आहे' असे एका चौकटीत छापून पुढे निघून जाते. ज्या मुलाने आयुष्यभर उत्तरेला उत्तर ध्रुवच असल्याचे ऐकले आहे त्याला या वाक्याने फक्त गोंधळात टाकले जाते. मुक्त टांगलेल्या चुंबकाचे उत्तरेकडे वळणारे टोक ते उत्तर ध्रुव, ही आपण ठरवलेली व्याख्या आहे. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात हा निसर्गाचा नियम आहे. आणि या दोहोंचा मेळ घातला की चौकटीतले वाक्य विद्यार्थी स्वतःच सांगतो. एवढी दोन वाक्ये आधी असती तर चौकटीची गरज पडली नसती.

चुंबक तोडला तर काय होते, हा मुलांचा हमखास प्रश्न. तेराव्या शतकात, १२६९ साली, पेत्रुस पेरेग्रिनुसने चुंबकाचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव असतात हे लिहून ठेवले होते. संचाने यासाठी एक साधी आणि अतिशय चांगली युक्ती दिली आहे: पोलादाच्या किसाने गच्च भरलेली, बूच लावलेली परीक्षानळी. तिच्यावरून तीव्र चुंबकाचा एकच ध्रुव एकाच दिशेने अनेकदा ओढत नेला की नळी चुंबकासारखी वागते, होकायंत्राची सूची एका टोकाला ओढली जाते आणि दुसऱ्या टोकापासून दूर जाते. मग नळी जोरात हलवायची. आता सूचीचे दूर जाणे नाहीसे होते आणि ती नळीच्या दोन्ही टोकांकडे ओढली जाते, जशी ती कोणत्याही साध्या लोखंडाकडे ओढली जाते. लोखंडात एकाच दिशेला रोख असलेले असंख्य लहान विभाग असतात, ते एका रांगेत आले की चुंबक तयार होतो आणि विस्कटले की चुंबकत्व जाते, ही कल्पना यापेक्षा सोप्या रीतीने पोहोचवता येईल असे मला वाटत नाही. चुंबक आपटल्याने का क्षीण होतो आणि लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की चुंबकाकडे का ओढले जात नाही, हे प्रश्न इथून सहज निघतात.

धातूंच्या पट्ट्यांची निवड विचारपूर्वक केली आहे. लोखंड, निकेल, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांच्यासोबत स्टेनलेस स्टीलच्या दोन प्रकारच्या पट्ट्या आहेत, आणि त्यांपैकी एकच चुंबकाला चिकटते. 'सर्व धातू चुंबकाला चिकटतात' हे तर खोटे ठरतेच, पण 'स्टील चिकटते' हेही पुरते खरे नाही हे मुलांना कळते आणि ती धातूच्या नावावर न थांबता त्याच्या रचनेविषयी विचारू लागतात.

विद्युतधारेच्या भागात संच बनवणाऱ्यांनी खरी जाण दाखवली आहे. हान्स क्रिश्चन ओर्स्टेडने १८२० साली तारेतून विद्युतधारा जाताना जवळची सूची वळते हे जाहीर केले. तो प्रयोग एका सरळ तारेने करायला गेले की शिक्षकाची अडचण होते: एक अँपिअर धारा वाहणाऱ्या लांब तारेचे क्षेत्र एक सेंटिमीटर अंतरावर केवळ २० मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्याच पंगतीतले असते. सूची वळते, पण तारेभोवतीची वर्तुळे दाखवायची तर धारा बरीच वाढवावी लागते, आणि मग तार व विद्युतघट दोन्ही तापतात. इथे त्याऐवजी वीस वेढ्यांचे चौकोनी कुंडल दिले आहे, ज्याची एक उभी बाजू पारदर्शक पाटीच्या भोकातून वर येते. एका अँपिअरला वीस अँपिअरचे काम होते, दोन सेंटिमीटरवर सुमारे २०० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र मिळते आणि पाटीवर मांडलेली होकायंत्रे झपकन वर्तुळाकार रांगेत येतात. धारा उलटी केली की सगळ्या सूची एकदम फिरतात; त्या क्षणी वर्गात जो उद्गार उमटतो त्याने शिक्षकाचे सगळे श्रम भरून निघतात. कळ दाबून धरली तेवढाच वेळ धारा वाहते, अशी दाबकळ दिली आहे, हेही योग्यच. विद्युतचुंबकाच्या प्रयोगात मृदू लोखंडाची कांडी धारा थांबताच टाचण्या सोडते आणि पोलादाची काही टाचण्या धरून ठेवते. या दोन कांड्या शेजारी ठेवून करायच्या तुलनेला मार्गदर्शिकेने पूर्ण पान दिले आहे, आणि तिच्यातले हे एकमेव पान मी जसेच्या तसे वापरतो.

प्रवर्तनाचा, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचा, भाग पाहता साहित्य पुन्हा उत्तम आणि भाषा पुन्हा सैल. 'कुंडलात चुंबक ठेवल्यास वीज निर्माण होते' हे छापील वाक्य चूक आहे. चुंबक कुंडलात नुसता ठेवला तर गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावरच राहतो. तो हलतो चुंबक आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळी विरुद्ध दिशांना, आणि चुंबक जलद हलवला तर अधिक. फॅरडेला १८३१ साली जे सापडले त्याचा गाभाच हा आहे की बदल लागतो. शिक्षकाने वाक्य दुरुस्त करूनच पुस्तिका मुलांना द्यावी. तांब्याच्या नळीचा प्रयोग मात्र निर्दोष आहे, कारण निओडिमियमच्या दंडगोलाबरोबर त्याच आकाराचा, चुंबक नसलेला पोलादी दंडगोलही दिला आहे. नळी चुंबकाला चिकटत नाही हे मुले आधी पाहतात, दोन्ही दंडगोलांपैकी खाली आधी कोणता पडेल याचा अंदाज वहीत लिहितात आणि मग सोडून पाहतात. पोलादी दंडगोल क्षणात खाली येतो, तर चुंबक नळीतून संथपणे उतरतो. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीत प्रवर्तित धारा वाहतात आणि त्यांचे क्षेत्र त्या पडण्यालाच विरोध करते, हा लेंझचा नियम एरवी पाठांतरापुरता उरतो. इथे मुले त्याचे स्पष्टीकरण मागतात.

सुरक्षिततेबद्दल पुस्तिकेतली सूचना लहान टंकात शेवटच्या पानावर आहे, ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी होती. एकाहून अधिक तीव्र चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात, तिथे जखम होते आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. निओडिमियम ठिसूळही असतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की त्याच्या टवक्या उडतात आणि मध्ये सापडलेले बोट चिमटते. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे चुंबक हाताळू नयेत. हे दोन दंडगोल शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावेत आणि मोजून परत घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. सुटा कीस सोडला तर बाकी सर्व साहित्य मुलांच्या हाती निर्धास्त द्यावे.

एकूण पाहता, गुणात्मक समज घडवण्यासाठी मी हा संच जरूर सुचवीन, मात्र मार्गदर्शिकेचा क्रम सोडून: आधी होकायंत्रे, मग तेलाची पेटी, मग परीक्षानळी, मग विद्युतधारा. वरच्या इयत्तांसाठी तो अपुरा पडतो, कारण त्यात क्षेत्र मोजण्याचे एकही साधन नाही. ही उणीव स्मार्टफोनने बऱ्याच अंशी भरून निघते. बहुतेक फोनमध्ये दिशा दाखवण्यासाठी चुंबकमापी असतो आणि आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेल्या फायफॉक्स या विनामूल्य ॲपवर त्याची मापे मायक्रोटेस्लामध्ये वाचता येतात. मापी फोनच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे लहान चुंबक दुरून फिरवून आधी शोधावे, चुंबक नसतानाचे मूल्य प्रत्येक अक्षासाठी टिपून ते वजा करावे, आणि मग निओडिमियमचा दंडगोल मापीच्या रेषेत ठेवून अंतर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे. अंतर चुंबकाच्या लांबीच्या कित्येक पट असेल तर ते दुप्पट केल्यावर क्षेत्र जवळपास एक-अष्टमांश होते. ते निम्मे किंवा एक-चतुर्थांश होईल असा अंदाज केलेले विद्यार्थी तेव्हा मोजपट्टी पुन्हा तपासायला घेतात. चुंबक फोनला अगदी भिडवू नये, कारण त्याने मापीचे वाचन बिघडते आणि होकायंत्राचे अंशांकन नव्याने करावे लागते. दहा सेंटिमीटरपासून सुरुवात केली तर एका तासात आलेखासाठी पुरेसे बिंदू मिळतात.